अब्बांना ताइझहून औरंगाबादला आणलं तेव्हा

२०१९च्या रमजानमध्ये एका रात्री येमेनमधल्या ताइझ शहराहून माझ्या चुलत भावाचा फोन आला, अब्बांच्या छातीत जिना चढताना दुखलं आणि ते तिथंच पायरीवर बसून राहिले. उठवलं तर म्हणाले थोडं थांब, दम लागलाय. डॉक्टरनं ईसीजी काढला आणि सरळ सांगितलं की अँजिओग्राफी लागेल, इथं जमणार नाही, सनाला न्या नाहीतर बाहेर न्या. सना म्हणजे राजधानी, पण ती हुथी बंडखोरांच्या ताब्यात, मधे युद्धाची लाइन. मग बाहेर. बाहेर म्हणजे कुठं, तर मी इथं औरंगाबादला बसलेली, म्हणून इथं.

आता माझं गणित सांगते नाहीतर गोंधळ होईल. माझी आई औरंगाबादची, आडनाव चाऊस. मराठवाड्यात चाऊस म्हणलं की लोकांना कळतं, निजामाच्या फौजेत येमेनच्या हदरमौत भागातनं जे अरब आले त्यांची पोरंबाळं. नाना, म्हणजे आईचे वडील, एसटीत ड्रायव्हर होते आणि घरात दखनी-मराठी अशी खिचडी चालायची. अब्बा मात्र त्या जुन्या अरबांतले नाहीत, ते १९८६ला ताइझहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आले, पीएचडी केली, लग्न केलं आणि 'लई भारी' आणि 'कायकू बे' हे दोन शब्द इतक्या ठिकाणी वापरायला शिकले की नाना वैतागायचे. मी १९९२ची. पाचवीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत. २००३ला अब्बांना ताइझच्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली आणि आम्ही तिकडं गेलो. म्हणजे माझी पहिली अकरा वर्षं इथली, पुढची बारा तिथली, त्यामुळं कुणी विचारलं तुझं गाव कोणतं तर मला दोन सेकंद लागतात.

ताइझ डोंगराच्या कुशीत आहे, वर जबल सबिर, तिथल्या बायका बाजारात बसून भाजी विकतात आणि भाव करताना पुरुषांना ऐकत नाहीत. तिथलं चीज धुरी दिलेलं असतं आणि त्याच्यासोबत सहावक, म्हणजे टोमॅटो-मिरची-लसूण दगडावर वाटून केलेलं, आपला ठेचाच म्हणा. मला तिथं कधी परकं वाटलं नाही त्याचं अर्धं कारण तो ठेचा असेल.

मग २०१४च्या सप्टेंबरमध्ये हुथींनी सना घेतलं, आणि २६ मार्च २०१५च्या रात्री हुथींना हटवायला सौदीची विमानं आली. विमानं सौदीची, अमिरातीची, बॉम्ब अमेरिकेचे आणि ब्रिटनचे, विमानात हवेतल्या हवेत तेल भरून द्यायलाही अमेरिकाच. खाली हुथींना इराणची मदत. एप्रिलमध्ये भारतानं आपली माणसं काढायला सुरुवात केली, ऑपरेशन राहत, तुम्ही बातम्यांत बघितलं असेल, साडेचार हजाराच्या वर भारतीय आणि शिवाय ९६० परदेशी. अम्मी, मी आणि धाकटी बहीण होदैदा बंदरातनं नौदलाच्या जहाजानं जिबूतीला आणि तिथनं एअरफोर्सच्या विमानानं मुंबईला. त्या जहाजावर एका नौसैनिकानं मला मराठीत विचारलं, ताई पाणी पाहिजे का. मला इतकं रडू आलं की त्या बिचाऱ्याला वाटलं काहीतरी चुकलं.

अब्बा आले नाहीत. दादी होती, घर होतं, आणि त्यांचं म्हणणं की दोन महिन्यांत मिटेल. शिकलेला माणूस, पण हा अंदाज मात्र साफ चुकला.

त्या वर्षी शहराला वेढा पडला. शहराचा मधला भाग सरकारच्या बाजूच्यांकडं, पूर्वेकडचा होबान नावाचा भाग हुथींकडं. माझी फुफी, म्हणजे आत्या, होबानला राहते. आमच्या घरापासून तिचं घर, पूर्वी सकाळी भाजी आणायला निघालं तरी वाटेत चहा पिऊन येता यायचं, गाडीनं दहा-पंधरा मिनिटं. रस्ता बंद झाल्यावर तेच अंतर डोंगराला वळसा घालून पाच-सहा तासांचं झालं. सुरुवातीच्या महिन्यांत तर पीठ आणि ऑक्सिजनची सिलिंडरं गाढवांवर लादून सबिरच्या पायवाटेनं शहरात आणायचे. २०१७ला दादी वारली तेव्हा फुफीला मयतीला येता आलं नाही. मुलीला आईचं तोंड बघता आलं नाही आणि मधे अंतर किती, तर सिडको बसस्टँड ते क्रांती चौक. मला युद्ध म्हणलं की बॉम्बच्या आधी हेच आठवतं.

तर कागदपत्रं.

पहिली अडचण पासपोर्टची. अब्बांचा संपलेला होता. सनाला काढलेले नवे पासपोर्ट एडनचं सरकार, म्हणजे हुथींच्या विरोधातलं, मानत नव्हतं, म्हणून ताइझमध्येच काढायचा, तिथं म्हणे पुस्तकंच संपलीत, थांबा. तीन आठवडे गेले. दुसरं, इथल्या हॉस्पिटलचं इन्व्हिटेशन लेटर. मी रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचे, ते यायचे तिरपे आणि अंधारात, कारण लाइट नसायची, सोलरच्या दिव्यात काढलेले. हॉस्पिटलच्या डेस्कवरची मुलगी चांगली होती, म्हणायची मॅडम हा आकडा तीन आहे का आठ, आणि मी परत फोन लावायचे. तिसरं म्हणजे व्हिसा. भारताचा सनातला दूतावास २०१५लाच बंद झाला आणि जिबूतीतनं काम बघायला लागला, म्हणजे समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात. आमचं सगळं एडनच्या एका एजंटकडनं झालं, तो दर वेळी 'इन्शाअल्लाह बुकरा' म्हणायचा, बुकरा म्हणजे उद्या. तो उद्या मी जवळपास पाच आठवडे ऐकला.

चौथं, पैसे. मी इथनं थेट पाठवू शकत नव्हते. सौदीतला एक नातेवाईक तिकडनं पाठवायचा आणि ताइझमध्ये चुलत भाऊ सराफाकडनं, म्हणजे पैसे बदलून देणाऱ्याकडनं, उचलायचा. हो, तिकडंही सराफच म्हणतात. युद्धाच्या आधी एका डॉलरला २१५ रियाल मिळायचे, त्या उन्हाळ्यात साडेपाचशेच्या वर गेलेले. २०१६च्या सप्टेंबरात सरकारनं सेंट्रल बँक सनाहून एडनला हलवली आणि तेव्हापासनं लाखो सरकारी नोकरांचे पगार अडकले, अब्बांचा कधी यायचा कधी नाही, आणि आला तरी अर्ध्याच्याही खाली किमतीचा. पीएचडी झालेला प्रोफेसर औषधं अर्धी तोडून खात होता हे आम्हाला नंतर कळलं, फोनवर कधी बोलले नाहीत.

आणि हे सगळं चालू असताना मी रात्री बातम्या वाचायचे, वाचायला नको होत्या. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या संसदेनं ठराव केला होता की येमेनच्या युद्धातली मदत थांबवा, ट्रम्पनं तो व्हेटो केला. जूनमध्ये लंडनच्या कोर्टानं म्हणलं की सौदीला शस्त्रं विकायची परवानगी देताना सरकारनं नियम पाळले नाहीत, मी खूश झाले, अम्मीला उठवून सांगितलं, आणि मग कळलं की आधी दिलेली लायसन्स रद्द नाहीत, फक्त परत विचार करा म्हणे. पुढच्या वर्षी विक्री परत चालू पण झाली. मी एका हृदयाच्या पेशंटचा फॉर्म तीनदा भरत होते कारण जन्मतारीख एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी, आणि तिकडं बॉम्बच्या कागदाला काही अडचण येत नव्हती.

जुलैच्या शेवटी व्हिसा आला. मेडिकल व्हिसा अब्बांचा आणि अटेंडंट व्हिसा चुलत भावाचा. विमान एडनहून मुंबईला. आता फक्त ताइझ ते एडन. पूर्वी हा रस्ता तीन तासांचा, पण तो होबानवरनं जातो म्हणून बंद. दुसरा रस्ता तुर्बावरनं, हैजत अल-अब्द नावाचा घाट आहे तिकडनं. मी एकदा त्या रस्त्यानं गेलेय, आपल्या कन्नडच्या घाटाला नावं ठेवणाऱ्यांनी तो बघावा. कठडा नाही, एका वेळी एक ट्रक, आणि सगळ्या शहराचं पीठ-तेल-डिझेल त्याच रस्त्यानं येणार.

आणि नुक्ते. आपल्याकडं नुक्ता म्हणजे अक्षराखालचं टिंब, तिकडं नुक्ता म्हणजे चेकपोस्ट. ताइझ ते एडन मोजता मोजता भाऊ वीसच्या पुढं विसरला. पहिले काही सरकारच्या सैन्याचे, मग कुणाचे तरी, मग दक्षिणेवाल्यांचे, म्हणजे दक्षिण येमेन वेगळा पाहिजे म्हणणाऱ्यांचे, ज्यांचा पगार, गाड्या, बूट सगळं अमिरातीकडनं. म्हणजे लक्षात घ्या, सौदी आणि अमिराती एकाच बाजूनं लढायला आले, आणि खाली त्यांची पाळलेली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी.

ते निघाले ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि नेमका १ ऑगस्टला एडनमध्ये परेडवर हुथींचा हल्ला झालेला, त्यात दक्षिणेवाल्यांचा एक मोठा कमांडर मेला. त्याचा राग निघाला उत्तरेकडच्या साध्या माणसांवर, हॉटेलवाले, हातगाडीवाले, मजूर, ट्रकमध्ये घालून शहराबाहेर काढले. ताइझचा माणूस तिथं 'शिमाली', उत्तरेचा. लहजच्या नुक्त्यावर अब्बांचं ओळखपत्र बघितलं, जन्मगाव ताइझ, आणि म्हणाले परत जा. व्हिसा दाखवला, हॉस्पिटलचं लेटर दाखवलं, परत जा. चार तास उन्हात बसवलं आणि परत पाठवलं. हृदयाचा पेशंट, तो घाट दुसऱ्यांदा. १० ऑगस्टला दक्षिणेवाल्यांनी एडनच घेतलं, दुसऱ्या दिवशी तिकडं बकरी ईद. मी इथं ईदच्या दिवशी दुपारी तिकीट पुढं ढकलायचा ईमेल लिहित बसले होते, घरात शीरखुर्म्याचं पातेलं तसंच.

सप्टेंबरमध्ये परत निघाले. त्याच नुक्त्यावर यावेळी एक पोरगा होता, अब्बा म्हणतात एकोणीस-वीसचा असेल, गालात कातची गोळी, आपला पानातला कात नाही, तिथं नशेसाठी चघळतात तो पाला. त्यानं लेटर हातात घेतलं, उलटं धरलं होतं म्हणे, आणि विचारलं हिंदला चाललाय का. हो. मग त्यानं आवाज खाली करून विचारलं, तिकडं पाय बनवतात ना, लाकडाचे? त्याच्या भावाचा पाय सुरुंगावर गेलेला. हुथींनी जाताना शेतातनं, रस्त्यातनं सुरुंग पेरून ठेवलेत, अजून माणसं मरतात. अब्बांनी त्याला जयपूर फूटबद्दल सांगितलं, हे औरंगाबादला असताना वाचलेलं त्यांना आठवत होतं. पोरानं गाडी सोडली. नाव विचारायचं राहिलं, नंबर घ्यायचा राहिला, आणि ही गोष्ट अब्बांना ऑपरेशनपेक्षा जास्त टोचत राहिली. मला तीन वेळा जयपूरला फोन करायला लावला. मी केला. काय सांगणार, लहजच्या नुक्त्यावरचा पोरगा एवढाच पत्ता.

मराठी माणसाला एडन माहिती आहे ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळं, १८८३ला तिथल्या तुरुंगात वारले. तेव्हा एडन मुंबई इलाख्यातच होतं, १९३७पर्यंत कारभार भारताकडनंच होता. इंग्रज तिथं कशाला बसले होते, तर जहाजांचा रस्ता. आजही तेच आहे, बाब अल-मंदेबची सामुद्रधुनी ज्याच्या हातात त्याच्या हातात तेलाचा नळ. आमच्या डोंगरातल्या भांडणात जगाला इतका रस का, याचं उत्तर नकाशात बघितलं की मिळतं.

मुंबईला विमानतळावर अब्बा व्हीलचेअरवरनं आले. चार वर्षं पाच महिने. अम्मी काही बोललीच नाही, फक्त त्यांच्या शर्टाचं बटण लावलं. गाडीत बसल्यावर अब्बा ड्रायव्हरला म्हणाले, 'भाऊ, एसी कमी करा', आणि आम्ही सगळे एकदम हसलो, काय मराठी विसरले नाहीत.

घरी आल्यावर परत कागद. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत सी फॉर्म भरावा लागायचा, हॉटेल असो नाहीतर सासुरवाडी. मी ऑनलाइन भरला. पाहुण्याशी तुमचं नातं काय, मी लिहिलं वडील. वडील पाहुणे.

संध्याकाळी मगरिबच्या वेळी अब्बांनी वजू केला, मुसल्ला अंथरला आणि उभे राहिले, चुकीच्या दिशेला. उत्तरेकडं तोंड करून. ताइझहून मक्का जवळजवळ उत्तरेला येते, इथनं पश्चिमेला. अम्मीनं हळूच मुसल्ला फिरवला. नमाज झाल्यावर ते बराच वेळ बसून राहिले, मग मला म्हणाले, बेटा, विमानं पण तिकडनंच यायची, उत्तरेकडनं. सजद्यात डोकं टेकवायचं आणि कान आकाशाकडं, ज्या दिशेला अल्लाहचं घर त्याच दिशेनं आवाज येणार. चार वर्षं मी त्या दिशेला वैतागलो होतो आणि तौबा करत होतो.

इथं लोक मला विचारतात, अजूनही विचारतात, ते शिया-सुन्नीचं भांडण आहे ना? चांगली शिकलेली माणसं. मी सांगते की आमच्याकडं झैदी, म्हणजे तिथले शिया, आणि शाफई, म्हणजे सुन्नी, एकाच मशिदीत एकाच इमामाच्या मागं नमाज पढायचे, एकमेकांत लग्नं व्हायची, कुणी विचारायचं नाही. आणि हे ऐका, १९६२ला येमेनमध्ये इमामाची, म्हणजे तिथल्या धर्मगुरू-राजाची, सत्ता उलथली तेव्हा झैदी इमामाच्या बाजूनं पैसे आणि बंदुका कुणी दिल्या, तर ह्याच सौदीनं. समोर इजिप्तच्या नासरनं हजारो सैनिक उतरवलेले. म्हणजे सौदीला तेव्हा झैदी चालत होते. पंथ बिंथ काही नाही, ज्याला जेव्हा जो लागतो तो त्याचा. धर्माचं नाव मागनं चिकटवतात, कारण त्यानं पोरं लवकर तयार होतात मरायला.

पण सगळं बाहेरच्यांवर ढकलायचं हेही मला पटत नाही आणि यावरनं माझं अब्बांशी भांडण झालं, हॉस्पिटलच्या बेडवर. ते म्हणायचे बाहेरच्यांनी वाट लावली. मी म्हणलं दार कुणी उघडलं? राष्ट्राध्यक्ष सालेहनं तेहतीस वर्षं राज्य केलं, २०१२ला खुर्ची सोडली, आणि ज्या हुथींशी सहा लढाया केल्या त्यांनाच सनाचं दार उघडून द्यायला मदत केली, २०१७ला त्यांनीच त्याला मारलं. ताइझवर तोफा डागणारे येमेनीच होते. शहरात आमच्या बाजूचे म्हणवणारे लोकांची घरं बळकावत होते ते पण येमेनीच. अब्बा म्हणाले बरोबर आहे, पण भावाभावांत भांडण काठीनं झालं तर डोकं फुटतं, कुणीतरी दोघांना तोफ आणून दिली तर मोहल्ला जातो. २४ जुलै २०१५ला सौदीच्या आघाडीच्या विमानांनी मोखा गावात वीजकेंद्राच्या कामगारांच्या कॉलनीवर बॉम्ब टाकले, किमान ६५ माणसं गेली, त्यात अब्बांच्या एका विद्यार्थ्याचं घर. तो बॉम्ब कोणत्या येमेनीनं बनवला, सांग. मी गप्प बसले. नर्स आली आणि म्हणाली बीपी वाढतंय काका, बोलू नका.

दोन स्टेंट टाकले. बिल आलं तेव्हा फॉरेनर रेट लावलेला. मी म्हणलं जावई आहेत हो इथले. काउंटरवरच्या माणसाला वाईट वाटलं बहुतेक, पण कॉम्प्युटरमध्ये जावई असा कॉलम नव्हता. अम्मीनं दोन बांगड्या मोडल्या.

बाकी दिवस चांगले गेले. अब्बा सकाळी आमखास मैदानाला फेरी मारायचे, फूता नेसून, म्हणजे आपली लुंगीच, आणि शेजारचे देशपांडे काका, ज्यांच्याशी माझं कधी दोन शब्दांच्या वर बोलणं नव्हतं, ते यांच्याबरोबर बाकावर बसून १९८८च्या दंगलीपासून कांद्याच्या भावापर्यंत बोलायचे. आम्हाला वाटलं राहतील आता.

जानेवारी २०२०ला परत गेले. अम्मी भांडली, मी भांडले, बहीण तर बोलायचीच बंद झाली. म्हणाले घर रिकामं राहिलं की कुणीतरी बंदूकवाला येऊन बसतो, आणि पोरांचे पेपर तपासायचेत. पोरांचे पेपर! संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेनं पुढं हिशोब काढला की २०२१ संपेपर्यंत या युद्धात ३ लाख ७७ हजार माणसं गेलेली असतील, आणि त्यातली साठ टक्के गोळी-बॉम्बनं नाही, भूक, आजार, दवाखाना नसणं यानं. मी तो आकडा वाचला तेव्हा अर्ध्या तोडलेल्या गोळ्याच डोळ्यासमोर आल्या.

जून २०२४ला होबानचा रस्ता उघडला. नऊ वर्षांनी. फुफी पहिल्याच आठवड्यात आली. मी व्हिडिओ कॉलवर होते, मला वाटलं मोठा रडारडीचा सीन होईल, पण ती आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, दादीचा सहावक वाटायचा दगड शोधला, त्याला पडलेली चीर बघितली आणि अब्बांवर ओरडली की एक दगड सांभाळता आला नाही का तुला. अब्बा म्हणाले तोफेचा गोळा शेजारी पडला तेव्हा पडला तो वरनं. तरी ती ओरडतच राहिली. मग दोघं कब्रस्तानात गेले, तेव्हा फोन बंद होता.

आता डॉक्टर म्हणतात परत अँजिओग्राफी करून घ्या. येमेनी पासपोर्ट सहा वर्षांचा असतो, २०१९चा २०२५ला संपला, म्हणजे परत पहिल्यापासनं सगळं, तोच एजंट, तोच बुकरा. व्हिसाच्या फोटोला मागं पांढरं लागतं, स्टुडिओपर्यंत जायचं तर जिना, म्हणून फुफीनं घरातली पांढरी चादर अब्बांच्या मागं दोन्ही हातांनी ताणून धरली आणि चुलत भावानं मोबाइलवर फोटो काढला. चांगला आला होता. पण वरच्या कोपऱ्यात फुफीची चार बोटं दिसतायत, मेंदी लावलेली, एजंट म्हणाला हे चालणार नाही, परत काढा.